गरम चकतीचा सीओटू सेन्सर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं दीड गाळ्याचं वर्कशॉप आहे. वायू मोजणारी उपकरणं जोडणं, तपासणं आणि मुख्यतः दुसऱ्या कुणीतरी बिघडवलेली दुरुस्त करणं, हे काम. फोनवर वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न येतात. केळी पिकवणारे, शीतगृहवाले, आणि परीक्षेच्या आधी महिनाभर डिप्लोमाची पोरं. त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. कार्बन डायऑक्साइडला इथे सगळीकडे सीओटू म्हटलं आहे, कारण दुकानात तसंच म्हणतात. आणि बोलणं फक्त एका जातीच्या सेन्सरबद्दल आहे : सॉलिड इलेक्ट्रोलाइटचा, म्हणजे ज्याच्या आत एक सिरॅमिकची चकती कायम तापलेली असते तो.

हा सेन्सर दिसतो कसा? आत असतं काय?

मेलेला एक पकडीने फोडून बघा, मजा येते. अंगठ्याच्या पेराएवढी धातूची डबी, खाली सहा पाय, वर बारीक जाळी. काही मॉडेलांत जाळीखाली दाणे भरलेले असतात. ते झिओलाइट, नको असलेले वायू अडवणारं गाळण. त्याच्या खाली, केसासारख्या तारांवर टांगलेली, डाळीच्या दाण्याएवढी चकती. एवढंच. बाकी सगळी डबी रिकामी.

त्या चकतीच्या एका अंगाला हीटर असतो. मधला थर नॅसिकॉन नावाच्या सिरॅमिकचा. सोडियम, झिर्कोनियम, सिलिकॉन, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा हा पदार्थ. त्याचा सांगाडा जागचा हलत नाही, पण सांगाड्यातल्या बोळांमधून सोडियमचे आयन फिरू शकतात. इलेक्ट्रॉनना मात्र तिथून वाट नाही. वरच्या अंगाला सोन्याचे दोन इलेक्ट्रोड, आणि त्यांतल्या एकावर सोडियम कार्बोनेटचा किंवा लिथियम कार्बोनेटचा पातळ लेप. सोडियम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडा. हजार-दीड हजारांच्या वस्तूचं सगळं कसब धुण्याच्या सोड्यात आहे, हे सांगितलं की गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मग सोडा आणि सोनं मिळून सीओटू ओळखतात कसे?

लेप असलेल्या इलेक्ट्रोडवर एक देवाणघेवाण सतत चालू असते. चकतीतून आलेले दोन सोडियम आयन, हवेतला एक सीओटू, अर्धा ऑक्सिजन रेणू आणि तारेतून आलेले दोन इलेक्ट्रॉन मिळून सोडियम कार्बोनेट बनतं. आणि तेवढंच कार्बोनेट उलट फुटतही असतं. हवेत सीओटू वाढला की तोल कार्बोनेट बनण्याकडे झुकतो, त्या टोकाची सोडियमची ‘भूक’ बदलते. दुसऱ्या इलेक्ट्रोडवर कार्बोनेट नाही, त्यामुळे सीओटूचं त्याला सोयरसुतक नाही. दोन टोकांच्या भुकेतला हा फरक व्होल्टेज म्हणून बाहेर दिसतो.

ऑक्सिजनही या व्यवहारात आहे, पण तो दोन्ही टोकांवर सारखाच असल्यामुळे वजा होऊन जातो. बनवणाऱ्यांनी ही सोय मुद्दाम केलेली आहे. दुसऱ्या टोकाला सोडियमची पातळी स्थिर राहावी म्हणून काही ठिकाणी सोडियम टायटनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइडचं मिश्रण वापरतात, म्हणजे वेगळी बंद हवेची कुपी ठेवावी लागत नाही.

लक्षात घ्या, या सेन्सरमध्ये करंट मोजायचा नसतो. ही एक छोटी बॅटरी आहे आणि आपण फक्त तिचं व्होल्टेज बघतो.

नर्न्स्टचं समीकरण डोक्यावरून जातं. साध्या भाषेत सांगाल?

सीओटूच्या प्रमाणावरून व्होल्टेज किती येईल ते सांगणारं हे समीकरण बाजूला ठेवा, आकडे धरा. चकती ४५० अंश सेल्सिअसला असेल तर सीओटू दहापट झाल्यावर व्होल्टेजमध्ये सुमारे ७२ मिलिव्होल्टचा फरक पडतो. दुप्पट झाल्यावर सुमारे २१.६ मिलिव्होल्टचा. हे पुस्तकातलं गणित. प्रत्यक्षात हातातला सेन्सर यापेक्षा थोडं कमीच देतो.

आता यातली गोम पाहा. ४२० पीपीएमचे (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) ८४० झाले तरी २१.६, आणि ५००० चे १०,००० झाले तरीही २१.६. सेन्सरला किती सीओटू वाढला ते कळत नाही, किती पटीने वाढला ते कळतं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्या इथेच मिटतात. समजा काही कारणाने व्होल्टेज ५ मिलिव्होल्टने सरकलं. म्हणजे वाचन १७ टक्क्यांनी चुकलं. मोकळ्या हवेत ती चूक ७० पीपीएमच्या आसपास असेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. तीच ५००० पीपीएमच्या खोलीत साडेआठशेच्या वर जाते, आणि मग शेठचा फोन येतो की मशीन खोटं बोलतं. मशीन दोन्हीकडे सारखंच खोटं बोलत होतं.

आणखी एक : सीओटू वाढला की आउटपुट *खाली* जातो. प्रोग्राम लिहिताना वजाचं चिन्ह विसरलेली पोरं दरवर्षी येतात, खोलीतली माणसं बाहेर गेली की सीओटू वाढतो असा शोध लावून.

तापवावं का लागतं? थंड चालणारा मिळत नाही का?

थंड नॅसिकॉनमधून आयन फार सुस्त चालतात, आणि कार्बोनेटही सीओटूशी देवाणघेवाण करायला तयार नसतं. शिवाय गार कार्बोनेट हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून ४०० ते ५०० अंशांचा पट्टा. सोडियम कार्बोनेट ८५१ अंशांना वितळतं, त्यामुळे वर भरपूर जागा आहे.

ज्याच्या नावाचं समीकरण आपण वापरतो त्या वाल्थर नर्न्स्टने एक दिवाही बनवला होता. त्यात तारेऐवजी झिर्कोनियाची कांडी होती. ती थंड असताना वीज जाऊ देत नसे, आधी तापवावी लागे आणि मग ती स्वतःच उजळायची. माझ्या मते आपला सेन्सर त्या दिव्याचाच पुतण्या आहे.

सेन्सर किती वेळ तापवल्यावर वाचन खरं मानायचं?

नवा किंवा बरेच दिवस बंद पडलेला असेल तर आम्ही कमीत कमी २४ तास चालू ठेवतो, जमलं तर दोन-तीन दिवस. रोजच्या वापरातला असेल तर हा प्रश्नच येऊ नये, कारण तो बंदच करायचा नसतो.

सयाजीपुऱ्याच्या बाजूला एका केळीवाल्या शेठच्या पिकवणी खोल्यांत आम्ही असे सेन्सर बसवले होते. खोलीत १६ ते १८ अंश, दमटपणा ९० टक्क्यांच्या वर, १०० पीपीएमच्या आसपास इथिलीन, म्हणजे फळं पिकवणारा वायू. केळी पिकायला लागली की श्वास जोरात घेतात आणि सीओटू सोडतात. तो एक टक्क्याच्या, म्हणजे १०,००० पीपीएमच्या वर गेला की इथिलीनचं कामच मंदावतं, फळं अर्धवट रंगतात. म्हणून मोजायचं आणि वेळेवर दार उघडून हवा बदलायची. तर शेठची तक्रार अशी की सकाळी आकडा कधी १२००, कधी ८०००, आणि अकरा वाजेनंतर आपोआप शहाणा होतो.

दोनदा सेन्सर बदलला. तिसऱ्यांदा मी रात्री साडेनऊला जाऊन बसलो. केळ्यांचा तो गोडसर वास डोक्यात चढत होता. दहाला मुनीमकाका आले, पंख्याचा स्विच तपासला, कुलूप लावलं, आणि जाता जाता आमच्या पॅनलचा एमसीबी खाली पाडला.

“काका, हे का बंद केलंत?”

“रात्री कोण बघतंय आकडा? उगाच लाइटबिल.”

हीटर ६ व्होल्टला २०० मिलिअँपिअर खातो, म्हणजे १.२ वॅट. रात्रीचे दहा तास धरले तर महिन्याला एक तृतीयांश युनिटच्या जरा वर. दोन-तीन रुपयांसाठी रोज रात्री चकती गार होत होती, त्या दमट हवेत सोडा पाणी पीत होता, आणि सकाळी तापल्यावर ते पाणी उडेपर्यंत वाचन भटकत होतं. स्विचवर पट्टी मारली, वर गुजरातीत ‘बंध करवुं नहि’ लिहिलं. तेव्हापासून तक्रार नाही. दोन चांगले सेन्सर मात्र मी विनाकारण कचऱ्यात टाकले, ते माझ्या खात्यावर.

एवढ्या इथिलीनमध्ये ४५० अंशांची चकती ठेवणं धोक्याचं नाही?

चांगला प्रश्न, फार कमी लोक विचारतात. इथिलीन पेट घेऊ शकतं ते हवेत २.७ टक्क्यांच्या, म्हणजे २७,००० पीपीएमच्या पुढे. पिकवणीत १०० ते १५० पीपीएम असतं. पण सिलिंडरची किंवा जनरेटरची गळती ही वेगळी गोष्ट, म्हणून सेन्सर गॅस सोडण्याच्या नळीजवळ कधीच लावू नये. आम्ही विरुद्ध भिंतीवर लावतो.

एमक्यू-१३५ शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. त्यानेही सीओटू मोजता येतो असं व्हिडिओत दाखवतात.

दाखवतात खरं. एमक्यू-१३५ हा टिन ऑक्साइडचा सेन्सर. अमोनिया, अल्कोहोल, धूर अशा वायूंनी त्याचा रोध बदलतो. सीओटू स्वतः आधीच पूर्ण जळालेला वायू, टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर त्याचं काही चालत नाही. मग व्हिडिओत आकडा हलतो तो का? फुंकर मारल्यावर श्वासातली वाफ, तोंडातली वाफेसारखीच इतर बाष्पं आणि उष्णता पोचते म्हणून. खात्री करायची तर अत्तराची बाटली उघडून जवळ न्या. ‘सीओटू’ आकाशाला भिडेल.

काही महाग चिपा ‘ई-सीओटू’ दाखवतात, त्यांचाही प्रकार हाच आहे. त्या इतर बाष्पं मोजतात आणि ‘इतकी माणसं असतील तर इतका सीओटू असेल’ असा अंदाज छापतात. घरात फोडणी टाकली की खोलीत वीस माणसं शिरल्याचा भास होतो.

मग इन्फ्रारेडवाला घ्यावा की हा?

बहुतेकांनी इन्फ्रारेड, म्हणजे एनडीआयआर घ्यावा. माझा धंदा गरम चकतीचा असूनही सांगतो. सीओटू ४.२६ मायक्रोमीटरचा प्रकाश शोषतो, ती त्याची स्वतःची खूण आहे, आणि त्यावर चालणारे सेन्सर आता स्वस्त, कमी वीज खाणारे आणि आकडा थेट देणारे झालेत. ऑफिस, वर्ग, घर यांसाठी डोळे झाकून तोच.

गरम चकती कुठे उजवी ठरते? जिथे धूळ आणि तेलकट वाफ बसून आरसे-भिंगं आंधळी होतात, जिथे पाण्याचे थेंब जमतात. चकतीला बघायचं नसतं, शिवायचं असतं. त्यात हलणारा भाग नाही, भिंग नाही, दिवा नाही. आणि शिकायला यासारखी वस्तू नाही, अख्खं इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचं प्रकरण हातात धरता येतं.

आउटपुट थेट आर्डुइनोला (प्रोग्राम टाकता येणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडला तर?

चुकीचा आकडा मिळेल, तोही आत्मविश्वासाने. ही बॅटरी फार अशक्त आहे. आर्डुइनोच्या इनपुटला दहा किलोओहमच्या आतला स्रोत लागतो आणि इथला स्रोत त्याच्या कितीतरी पलीकडचा. मीटर लावला तर मीटरच तिला पिऊन टाकतो. मधे प्रचंड इनपुट रोधाचा ऑप-अॅम्प, म्हणजे सिग्नल न खाता वाढवणारी चिप, हवी. सीए३१४० हा जुना माणूस इथे अजून कामाचा आहे, त्याचा इनपुट रोध दीड टेराओहम. शिवाय वाढवून न घेता ५ व्होल्टवर १०-बिटने वाचलं तर एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची पडते. वर हिशेब केलाच आहे, एका पायरीत १७ टक्के. आम्ही आठ-साडेआठपट वाढवून घेतो.

ऑप-अॅम्प चांगला घेतला म्हणजे झालं असंही नाही. पहिल्या पावसाळ्यात माझ्या पहिल्या बोर्डाने मला वेड लावलं होतं. दुपारी ठीक, पाऊस आला की वाचन तरंगायला लागायचं, बोट जवळ नेलं तरी हलायचं. आठवडाभर सेन्सरला शिव्या घातल्या. शेवटी भिंगाखाली बोर्ड धरला तर ऑप-अॅम्पच्या तिसऱ्या पायाभोवती सोल्डरच्या फ्लक्सचा पिवळट, चिकट डाग. दमट हवेत त्या डागातूनच व्होल्टेज झिरपत होतं. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने दाताच्या ब्रशने घासला, वाळवला, वर वार्निश मारलं. संपलं. आता तो पाय बोर्डाला टेकवतच नाही, हवेत वाकवून थेट सेन्सरच्या तारेला जोडतो. दिसायला गबाळं दिसतं, पण चालतं.

हीटरचा पुरवठाही रेग्युलेटरमधूनच द्या. ६ चे ५.७ व्होल्ट झाले तर हीटरची शक्ती दहा टक्के घटते, चकती गार पडते आणि वाचन सरकतं. लांब बारीक वायर हे त्याचं नेहमीचं कारण.

गॅसचं सिलिंडर न आणता कॅलिब्रेशन करता येईल का?

प्रमाणपत्र लागणार असेल तर नाही. सेन्सर जिवंत आहे का आणि उतार (सीओटू दहापट झाल्यावर किती मिलिव्होल्टचा फरक पडतो तो) किती आहे एवढंच बघायचं असेल तर स्वयंपाकघर पुरतं.

घट्ट झाकणाचा ५० लिटरचा डबा घ्या. लग्नातला लाडवाचा असतो तसला. सेन्सर आत ठेवा, वायर भोकातून काढून मेणाने बुजवा, आत एक छोटा पंखा, पण त्याचं तोंड सेन्सरकडे नको. गच्चीवर मोकळ्या हवेत नेऊन व्होल्टेज टिपा, ती तुमची ४२०-४२५ पीपीएमची खूण.

आता ३.४ ग्रॅम खायचा सोडा १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं ५ मिलिलिटर सिरिंजमध्ये भरलं की त्यात ०.१७ ग्रॅम सोडा येतो. सोडा अचूक तोलायला मांडवीजवळच्या ओळखीच्या सोनाराचा काटा मला उपयोगी पडला. त्याने आधी संशयाने पुडीचा वास घेतला होता. डब्यात एका वाटीत दोन चमचे लिंबाचा रस ठेवा, झाकण लावा आणि भोकातून सिरिंज रिकामी करा. फेस येईल, डबा जरा हलवा. साधारण ५० मिलिलिटर सीओटू निघतो, म्हणजे ५० लिटरमध्ये हजार पीपीएमची भर. ४२० चे १४२० झाले, तर गणिताप्रमाणे व्होल्टेज सुमारे ३८ मिलिव्होल्ट खाली जायला हवं. तीस-पस्तीस आलं तर सेन्सर चांगला. दहा-बारा आलं तर त्याचे दिवस भरले. दुसऱ्यांदा सिरिंज द्या, तिसऱ्यांदा द्या, आणि बिंदू लॉग कागदावर मांडा. सरळ रेष येते. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवली होती. आमच्या हिने फक्त लिंबं किती लागली ते विचारलं.

सावधगिरी एकच : झाकण लावताना डब्यावर श्वास सोडू नका. श्वासात जवळपास चार टक्के सीओटू असतो. अर्ध्या लिटरच्या एका उच्छ्वासात २० मिलिलिटर, म्हणजे डब्यात ४०० पीपीएम फुकटात.

काही मॉड्यूल स्वतःच कॅलिब्रेट होतात म्हणे.

ती युक्ती अशी की दिवसभरातलं सगळ्यात कमी वाचन म्हणजे मोकळी हवा असं मॉड्यूल धरून चालतं. ऑफिसात हे बरोबर, रात्री माणसं नसतात. पिकवणीच्या खोलीत, शीतगृहात, मशरूमच्या शेडमध्ये ते साफ चूक. तिथली सगळ्यात स्वच्छ हवाही दोन-तीन हजारांची असते आणि मॉड्यूल तिलाच ४०० म्हणत बसतं. अशा जागी ही सोय बंद करा.

कोणत्या वायूंनी सेन्सर खराब होतो?

सगळ्यात वाईट सल्फर डायऑक्साइड. तो कार्बोनेटचं सल्फेट करून टाकतो, आणि सल्फेट इतकं पक्कं असतं की परत कार्बोनेट होत नाही. लेप कणाकणाने मरतो. नायट्रोजनचे ऑक्साइडही तसलाच उद्योग करतात. भट्टी, बॉयलर, डिझेल जनरेटर यांच्या धुराजवळ म्हणूनच आयुष्य कमी. सिलिकॉनचा सीलंट बाजूला सुकत असेल तर त्याची वाफही सोडू नका. गाळणातला कोळसा किंवा झिओलाइट काही काळ वाचवतो, मग तोही भरतो.

किती पीपीएम म्हणजे ‘जास्त’?

बाहेर ४२० च्या थोडं वर. १९५८ साली हवाईतल्या मौना लोआवर मोजायला सुरुवात झाली तेव्हा सुमारे ३१५ होतं. खोलीसाठी १००० ची रेघ म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफरने १८५८ मध्ये आखली. सीओटू तेवढ्याने विष होतो म्हणून नव्हे, तर तेवढा झाला म्हणजे हवा माणसांनी वापरून झाली हे कळतं म्हणून. कामाच्या जागी आठ तासांची सरासरी ५००० पर्यंत चालते. ४०,००० हा जिवाला तत्काळ धोक्याचा आकडा.

घरचं उदाहरण घ्या. १० बाय १२ ची, दहा फूट उंच खोली म्हणजे ३४ हजार लिटर हवा. झोपलेला माणूस तासाला साधारण १२ लिटर सीओटू सोडतो. दोघं आणि दार-खिडकी बंद, तर तासाला सुमारे ७०० पीपीएमची भर. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात दारांवर जाळीच्या झडपा होत्या, लहानपणी त्यांतून डास येतात म्हणून आम्ही कुरकुरायचो. आता फ्लॅटमध्ये स्प्लिट एसी लावतो, फटी टेपने बुजवतो, आणि सकाळी डोकं जड का म्हणून डॉक्टरकडे जातो. माझ्या बेडरूममध्ये पहाटे २४०० दिसलं होतं. खिडकी चार बोटं उघडल्यावर ९०० च्या आत.

भिंतीवर किती उंचीला लावायचा?

माणसांसाठी असेल तर बसलेल्याच्या नाकाच्या उंचीला, दार आणि पंख्याच्या झोतापासून दूर. झोताने चकती गार होते. सीओटू हवेच्या दीडपट जड आहे म्हणून जमिनीलगत लावा असं कुणी सांगतं, ते सिलिंडरच्या गळतीसाठी खरं. श्वासातून निघालेला सीओटू गरम असतो आणि खोलीभर मिसळलेला असतो, तो खाली जाऊन बसत नाही.

विहिरीत किंवा टाकीत उतरण्याआधी हा सोडून बघितला तर चालेल?

नाही. अजिबात नाही. हा सेन्सर दीड-दोन मिनिटांनी प्रतिसाद देतो, हलवला की भटकतो, आणि ऑक्सिजन किती उरलाय ते सांगतच नाही. त्यासाठी प्रमाणित मल्टिगॅस मीटर असतो, तो भाड्याने मिळतो. खाली कुणी पडला म्हणून दुसरा तसाच उतरला, असं करू नका.

आपल्या उन्हाळ्यात टिकेल का?

सावलीत टिकेल. बहुतेक मॉडेलं बाहेरच्या ५० अंशांपर्यंत चालतात, पण मे महिन्यात जीआयडीसीच्या पत्र्याखाली बंद प्लास्टिकच्या पेटीत, शेजारी १.२ वॅटचा हीटर, म्हणजे ५० सहज ओलांडतात. पेटीला खाली-वर भोकं ठेवा.

पॉवरबँकवर किती वेळ चालेल?

१०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवरबँकमध्ये ३७ वॅट-तास असतात. रूपांतरात काही जातात, एक दिवसाच्या आसपास धरा. दर तासाला पाच मिनिटं चालू करून बॅटरी वाचवण्याची कल्पना सुचली असेल तर मुनीमकाकांची गोष्ट पुन्हा वाचा.

हे सगळं शोधलं कुणी? प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लिहायचंय.

समीकरण नर्न्स्टचं, १८८९. नॅसिकॉन १९७६ मध्ये गुडइनफ आणि हाँग यांनी मांडलं. हे तेच जॉन गुडइनफ, ज्यांना लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ चं नोबेल वयाच्या ९७ व्या वर्षी मिळालं. कार्बोनेट वापरून सॉलिड-स्टेट सीओटू सेन्सर होऊ शकतो हे कॅनडातल्या गोतिए आणि शांबर्लां यांनी १९७७ मध्ये दाखवलं. नॅसिकॉन आणि सोडियम कार्बोनेटची जोडी १९८० च्या दशकात जपानमध्ये जमली. पुढे क्यूशू विद्यापीठातल्या यामाझोए आणि मिउरा यांनी कार्बोनेटात बेरियम कार्बोनेट मिसळून दमट हवेचा त्रास बराच कमी केला. पिकवणीवाल्यांनी त्यांचे आभार मानायला हवेत.

आणि तुमच्या बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरजवळचा ऑक्सिजन सेन्सर याच घराण्यातला. फक्त त्यात सोडियमऐवजी ऑक्सिजनचे आयन चालतात.

कलाभवनच्या पोरांना एक विनंती. ही संस्था १८९० ची आहे, हाताने काम शिकवायला काढलेली. प्रोजेक्ट विकत आणून त्यावर स्वतःचं नाव चिकटवू नका. निदान लिंबाचा प्रयोग तरी करा.

आयुष्य किती? दुरुस्त होतो का?

स्वच्छ हवेत आणि न विझवता ठेवला तर काही वर्षं. धुरात काही महिने. दर तीन महिन्यांनी डब्याची चाचणी करून उतार वहीत लिहा, कमी होत जाताना दिसतो.

दुरुस्ती होत नाही. हीटरची तार तुटली तर मल्टिमीटरवर कळतं, चांगल्या हीटरचा रोध थंड असताना साधारण तीस ओहम येतो, तुटलेल्याचा अनंत. मात्र टाकण्याआधी आमच्याकडे आणून द्या. रविवारी शाळेतली मुलं येतात, त्यांना फोडायला लागतात.